‘टाटा’ म्हणजे बाय-बाय? जमशेटजींचं आडनाव आणि चांद्याचं लोखंड

आपल्याकडे लहान मूल हात हलवायला शिकलं की घरचे त्याला ‘टाटा कर’ म्हणतात. अमेरिकेत याच उच्चाराचा शब्द स्त्रियांच्या स्तनांसाठी चावटपणे वापरला जातो. आज कुणी नव्या कंपनीसाठी हे नाव सुचवलं, तर पहिल्याच मीटिंगमध्ये बाद होईल. पण जमशेटजींनी ते निवडलं नव्हतं, ते त्यांचं आडनाव होतं. आणि त्याच नावावर आपण आज डोळे झाकून मीठ विकत घेतो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीतल्या पारशी पुरोहित घराण्यात झाला. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी मुंबईत व्यापारी पेढी काढली. गिरण्यांना नावं देताना मात्र ते चांगलेच हिशेबी होते. चिंचपोकळीची बुडीत तेलगिरणी घेऊन त्यांनी कापडगिरणी केली, तिचं नाव ‘अलेक्झांड्रा’. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी जाहीर झाली, त्याच दिवशी नागपुरात ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. १८८६ मध्ये कुर्ल्यात घेतलेली गिरणी मात्र झाली ‘स्वदेशी’! वारं बदललं, पाटी बदलली. (२०१६ मध्ये याच समूहाने झिका विषाणूची साथ पाहून आपल्या नव्या ‘झिका’ गाडीचं नाव ‘टियागो’ केलं.)

१८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, लोहारा इथे उत्तम लोहखनिज होतं. गावाच्या नावातच लोह! वरोऱ्याचा कोळसाही जवळ. पण तपासणीत तो कोळसा लोखंड गाळायला कुचकामी निघाला. त्यात खाणींचे सरकारी नियम जाचक. बेत गुंडाळावा लागला.

१८९९ मध्ये कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि जमशेटजींनी पुन्हा उचल खाल्ली. १९०४ मध्ये मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड चांद्याचं जंगल तुडवत होते. खनिज खरोखर चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा नव्हता. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजी जर्मनीत वारले.

कारखाना अखेर साकचीला उभा राहिला. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं, तिथलं रेल्वे स्टेशन टाटानगर झालं. चांद्याच्या वाट्याला आला तो हात हलवून करायचा टाटा.