गोटी, मैदा आणि चंद्रावरचे खड्डे: गिल्बर्ट यांची गोष्ट

चंद्राचा फोटो झूम केला की खड्डेच खड्डे दिसतात. ते कसे झाले, हे समजून घ्यायला मी तुम्हाला ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांची गोष्ट सांगतो.

गिल्बर्ट यांचा जन्म १८४३ चा, अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा. पुढे ते तिथल्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात मोठ्या पदावर पोहोचले. १८९१ मध्ये ते ॲरिझोनातला सुमारे १.२ किमी रुंद खड्डा तपासायला गेले. आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे सापडत होते. त्यांचा हिशोब साधा होता: मोठी उल्का खाली गाडलेली असेल, तर चुंबकसुई हलेल आणि काठावरचा भराव खड्ड्यापेक्षा जास्त भरेल. पण सुई हलली नाही आणि भराव खड्ड्याएवढाच निघाला. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की हा खड्डा जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाला.

१८९२ मध्ये त्यांनी दुर्बिणीतून १८ रात्री चंद्र पाहिला. शिवाय मातीच्या गोळ्या मऊ मातीवर आपटून प्रयोग केले. त्या काळी बहुतेक जण चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे मानत. गिल्बर्ट म्हणाले, हे आघाताचेच! पण एक कोडं उरलं: गोळी तिरकी मारली की खड्डा लांबट होतो, आणि चंद्रावरचे तर बहुतेक गोल.

हा प्रयोग तुम्हीही करा. मी असा करतो: परातीत ४-५ सेंमी मैद्याचा थर, वर कोको पावडरचा पातळ थर. २५, ५० आणि १०० सेंमीवरून एकच गोटी सोडायची आणि फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करायचं. मैदा कसा उडतो, काठ कसा उचलला जातो, बाहेर पांढरे पट्टे कसे पसरतात, सगळं दिसतं. पट्टीने रुंदी मोजा. उंची दुप्पट केली, तरी खड्डा दुप्पट होत नाही.

मग घोडं अडलं कुठे? वेगात! १ मीटरवरून पडलेली गोटी सेकंदाला जेमतेम ४.४ मीटर वेगाने आदळते. मोठी उल्का सेकंदाला १० किमीपेक्षाही जास्त वेगाने येऊ शकते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. एवढ्या ऊर्जेने बॉम्बसारखा स्फोट होतो, म्हणून तिरकी आली तरी खड्डा बहुधा गोलच पडतो. आणि उल्का स्वतःच वितळते, विखुरते. मग सुई हलणार कशी?

१८९६ च्या लेखात गिल्बर्ट यांनी आपल्या बुलढाण्याच्या लोणारचाही उल्लेख केला, ॲरिझोनासारखाच खड्डा म्हणून. साम्य बरोबर होतं, कारण वेगळं निघालं. १९१८ मध्ये ते गेले. १९६० मध्ये ॲरिझोनात प्रचंड दाबाखाली बनणारं कोएसाइट हे खनिज सापडलं आणि तिथे उल्काच पडली होती हे पक्कं झालं. पुढे लोणारचंही तेच सिद्ध झालं.

मला गिल्बर्ट यांच्याकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांनी मोजमापं प्रामाणिकपणे मांडली, म्हणूनच पुढच्यांना नेमकं काय राहून गेलं ते कळलं. तुम्हीही तुमचे आकडे लिहून ठेवा, अंदाजाशी जुळले नाहीत तरी!