फ्लेमिंग यांचा विसरलेला इशारा

स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबात १८८१ साली जन्मलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून दगावणारे सैनिक पाहिले. १९२८ मध्ये त्यांना पेनिसिलिन गवसले. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हे त्यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढल्याच वर्षी फ्लेमिंग निवर्तले. औषध घरोघर पोहोचले, इशारा मात्र मागे राहिला. निर्ढावलेले जंतू औषध थांबविल्यानेही सहजी पूर्वपदावर येत नाहीत. पळसदरीच्या मजुराने तपासणीसाठी कर्जत गाठावे, तर दिवसाचा रोज बुडतो. मग तो दुकानातल्या दोन-चार गोळ्यांवर भागवील, यात नवल ते काय? बचत त्याची, भुर्दंड साऱ्या समाजाला. तेव्हा गावातच मोफत तपासणी पुरविणे हा दानधर्म नव्हे. तो शुद्ध व्यवहार आहे.