बालगंधर्व : लोकमान्यता आणि राजमान्यता

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. ‘मानापमाना’तील भामिनी (१९११) आणि ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी (१९१६) या भूमिकांनी त्यांना अपार लोकमान्यता लाभली. राजमान्यता मात्र उशिरा आली: संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ मध्ये, पद्मभूषण १९६४ मध्ये. तोवर त्यांच्या स्त्रीभूमिकांचे वैभव ओसरले होते. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त त्यांच्यासमोर धैर्यधर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले त्याच वर्षी निवर्तले, त्यांच्या वाट्याला असे सन्मान येणे शक्यच नव्हते. पुरस्कारासाठी कलेइतकेच दीर्घायुष्यही लागते. म्हणून या दोघांच्या श्रेष्ठत्वाचा वाद भूमिका आणि गायकी यांच्याच आधारे तपासणे इष्ट ठरते.