मिखाईल बोत्विनिक

मिखाईल मोइसेयेविच बोत्विनिक (१७ ऑगस्ट, १९११ - ५ मे, १९९५) हे सोव्हिएत बुद्धिबळपटू, बुद्धिबळाचे सहावे जगज्जेते आणि विद्युत अभियंता होते. १९४८, १९५८ आणि १९६१ असे तीन वेळा त्यांनी जगज्जेतेपद मिळवले. शिस्तबद्ध अभ्यास, सराव आणि स्वतःच्या खेळाची कठोर चिकित्सा यांवर आधारलेल्या तयारीच्या पद्धतीसाठी ते विशेष ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

बोत्विनिक यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील कुओक्काला (आताचे रेपिनो) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बुद्धिबळ ते वयाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे भावी जगज्जेत्याच्या मानाने उशिरा शिकले. १९२५ साली लेनिनग्राड येथे जगज्जेते कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळले. त्यात १४ वर्षांच्या बोत्विनिक यांनी त्यांना हरवले. १९३१ मध्ये ते प्रथमच सोव्हिएत संघाचे विजेते झाले. हे विजेतेपद त्यांनी एकूण सहा वेळा मिळवले.

अभ्यासपद्धती

बोत्विनिक यांच्या मते खेळून संपलेला डाव हे अभ्यासाचे मुख्य साहित्य होय. ते स्वतःच्या डावांचे सविस्तर विश्लेषण लिहीत आणि प्रसिद्ध करीत. चुकीचे विश्लेषण इतरांच्या टीकेतून उघडे पडते आणि त्यामुळे खेळाडूला स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते, अशी त्यांची भूमिका होती. स्पर्धेपूर्वी ते प्रतिस्पर्ध्यांचे डाव तपासत, ठरावीक सुरुवातींचा सखोल अभ्यास करीत आणि त्या सरावाच्या डावांत पारखून पाहत. हे डाव गुप्त ठेवले जात. तंबाखूच्या धुराचा त्रास होत असल्याने व्याचेस्लाव रागोझिन यांच्याबरोबर सराव करताना ते धूर मुद्दाम सहन करीत. व्यायाम आणि स्पर्धेपूर्वीची विश्रांती हेही त्यांच्या तयारीचे भाग होते.

या पद्धतीचे फळ १९३३ मध्येच दिसले. सालो फ्लोर यांच्याविरुद्धच्या १२ डावांच्या लढतीत सहा डावांनंतर बोत्विनिक दोन गुणांनी मागे होते. तरीही त्यांनी लढत ६-६ अशी बरोबरीत सोडवली.

जगज्जेतेपद

आल्येखिन यांच्या निधनामुळे रिक्त झालेल्या जगज्जेतेपदासाठी १९४८ मध्ये हेग व मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा झाली. बोत्विनिक यांनी २० पैकी १४ गुण मिळवून ती जिंकली. त्यानंतर तीन वर्षे अभियांत्रिकीतील डॉक्टरेटच्या कामामुळे ते एकही स्पर्धा खेळले नाहीत. सरावाच्या या अभावाचा परिणाम १९५१ च्या ब्रॉनस्टाइनविरुद्धच्या लढतीत जाणवला. दोन डाव शिल्लक असताना ते एका गुणाने मागे होते. तेविसावा डाव जिंकून त्यांनी १२-१२ अशी बरोबरी साधली व जगज्जेतेपद राखले.

१९५७ मध्ये स्मिस्लॉव्ह यांनी आणि १९६० मध्ये मिखाईल ताल यांनी त्यांना हरवले. पराभूत जगज्जेत्याला तेव्हा परतीच्या लढतीचा हक्क होता. दोन्ही वेळा बोत्विनिक यांनी पराभवाची कारणे शोधून पुढच्याच वर्षी जगज्जेतेपद परत मिळवले. तालविरुद्ध त्यांनी गुंतागुंतीच्या आक्रमक डावांऐवजी आपल्याला अनुकूल स्थिती निवडल्या आणि १९६१ ची लढत १३-८ अशी जिंकली. ताल यांची प्रकृती त्या वेळी बरी नव्हती, हेही नोंदवले जाते. १९६३ मध्ये पेट्रोस्यान यांच्याकडून ते हरले. परतीच्या लढतीचा नियम तोपर्यंत रद्द झाला होता.

अध्यापन आणि संगणक

१९७० मध्ये बोत्विनिक स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाले. त्यांच्या बुद्धिबळ शाळेत कार्पोव्ह, कास्पारॉव्ह आणि क्रामनिक हे भावी जगज्जेते शिकले. विद्यार्थ्यांनी आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः करावे, यावर शाळेत भर असे. मानवी खेळाडूप्रमाणे मोजक्याच चालींचा विचार करणारा ‘पायोनियर’ हा संगणक कार्यक्रम घडवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे वेचली, परंतु तो स्पर्धात्मक खेळात यशस्वी झाला नाही. १९९५ मध्ये मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.