अकोल्याची शिदोरी

वऱ्हाड म्हणजे काळ्या, कसदार मातीचा प्रदेश. अकोला आणि अमरावती या तेथील कापसाच्या मोठ्या पेठा. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि या पेठांची भरभराट होऊ लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मोर्णा नदीच्या काठी वसलेल्या अकोल्यास एक गरीब मुलगा शिक्षणासाठी येऊन राहिला. त्याच्याजवळ ना पैसा होता, ना पुरेसे कपडे. होती ती केवळ विद्येची अनिवार ओढ. हा मुलगा म्हणजेच थोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर.

गोपाळचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. आजोळी कऱ्हाडास राहून त्याने आरंभीचे शिक्षण घेतले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले, तेव्हा त्याने कचेरीत उमेदवारी केली. दवाखान्यात औषधे देण्याचेही काम केले. शिकावयास मिळेल या आशेने तो पायी रत्नागिरीस गेला. पण तेथेही कोणाचा आधार लाभला नाही आणि त्याला माघारी यावे लागले. अखेर नातलगांच्या आश्रयाने तो दूर वऱ्हाडात, अकोल्यास आला.

अकोल्याच्या शाळेत त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी हे गुरू लाभले. महाजनींचा जन्म १८५१ सालचा. म्हणजे आपल्या या शिष्याहून ते अवघ्या पाच वर्षांनी मोठे! नुकतेच एम.ए. होऊन ते शिक्षकाच्या पेशात शिरले होते. शिष्य विद्येच्या मार्गावर चाचपडत होता, तर गुरूही अध्यापनाच्या मार्गावर पहिली पावले टाकीत होते.

या गुरुशिष्यांची एक गोष्ट सांगतात. एकदा काही कारणाने महाजनी गोपाळवर रागावले आणि तुझ्या हातून काय होणार, अशा अर्थाचे बोलून गेले. ते शब्द गोपाळच्या मनाला झोंबले. आपणही त्यांच्यासारखे एम.ए. होऊन दाखवू, असे त्याने तेथल्या तेथे उत्तर दिले. त्या काळी गुरूला असे उत्तर देणे म्हणजे केवढा उद्धटपणा! परंतु महाजनींनी त्या उत्तराचा डंख मनात ठेवला नाही. त्यातील उद्धटपणाकडे न पाहता त्यांनी त्यामागची जिद्द पाहिली.

अकोल्यास असताना गोपाळने 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लेख लिहून आपली लेखणी घासून पाहिली. १८७५ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. आता पुण्यास डेक्कन कॉलेजात जावयाचे होते. पण जवळ पैसा नव्हता. त्या वेळी महाजनींनी व इतर शिक्षकांनी त्याला द्रव्यसाहाय्य केले. ज्या गुरूला त्याने ताठ मानेने उत्तर दिले होते, त्याच गुरूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ही अकोल्याची शिदोरी घेऊन गोपाळ पुण्यास निघाला.

पुण्यातही दारिद्र्याने पाठ सोडली नाही. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा अंगात घालावा. अशा स्थितीत आगरकर १८७८ साली बी.ए. झाले आणि पुढे गुरूपुढे बोलून दाखविल्याप्रमाणे एम.ए.ही झाले. आता मोठ्या पगाराची सरकारी नोकरी हाती येऊ शकत होती. कष्टाने पिचलेली आई त्याच दिवसाची वाट पाहत होती. परंतु आगरकरांचा बेत निराळा होता. आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानणार असून सर्व वेळ परहितासाठी वेचणार आहोत, असे त्यांनी आईला पत्राने कळविले. ते पत्र लिहिताना त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील!

१८८० साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. १८८१ मध्ये आगरकर त्या शाळेत शिक्षक झाले. काल ज्या बाकावर आपण बसत होतो, त्यासमोर आज स्वतः उभे राहावयाचे होते. एखादी गोष्ट गुरू सांगतो किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरूनच ती खरी मानू नये, ती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, हे त्यांचे जीवनसूत्र होते. प्रश्न करणाऱ्या शिष्यावर गुरूने डूख धरू नये, हा धडा तर त्यांना अकोल्यासच मिळाला होता.

गुरूचा आणखीही एक वारसा त्यांच्याकडे आला. महाजनींनी शेक्सपिअरच्या एका नाटकावरून 'तारा' हे नाटक रचले होते. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे मराठी रूपांतर केले. मराठी वाक्यरचनेचा शास्त्रशुद्ध विचार करणारे 'वाक्यमीमांसा' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले. त्यातील विचार न रुचलेल्या लोकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी ते डगमगले नाहीत. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर जर्जर झाले होते, तरी त्यांनी आपले काम सोडले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी त्यांचे निधन झाले.

आगरकरांच्या अंगी धैर्य होते, बुद्धीही होती. परंतु एका तरुण शिक्षकाने त्या दिवशी क्षणिक रागाला मनात थारा दिला असता, तर कदाचित ती बुद्धी दारिद्र्याच्या अंधारातच राहिली असती. शिष्याने दिलेले ताठ उत्तर पोटात घालून त्याला पुढची वाट दाखविणारा गुरू हाच खरा गुरू होय.