गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : शिकागो, २७ जुलै १९३८, मृत्यू : लेक जिनिव्हा, ४ मार्च २००८) हे एक अमेरिकन खेळ-रचनाकार, लेखक आणि प्रकाशक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळावयाच्या रोल-प्लेइंग खेळांचा व्यवसाय तेथून सुरू झाला. या खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग मांडतो आणि कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. येथे विकला जाणारा माल म्हणजे मुख्यतः पुस्तके. अमेरिकी कायद्यानुसार खेळाच्या पद्धतीवर प्रताधिकार मिळत नाही, तिच्या शब्दांकनावर मिळतो. त्यामुळे नावे, पात्रे आणि कल्पित जग कोणाच्या मालकीचे, हा या व्यवसायातील कळीचा प्रश्न असतो. गायगॅक्स यांच्या आयुष्यातील बहुतेक चढउतार याच प्रश्नाशी निगडित आहेत.

सुरुवातीचा काळ

गायगॅक्स यांचे वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक होते व शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदात वाजवत. १९४६ साली हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी राहण्यास आले. गायगॅक्स यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले. पुढे ते शिकागोत एका विमा कंपनीत नोकरी करू लागले. १९५८ साली त्यांचा विवाह झाला. युद्धखेळांचा नाद मात्र लहानपणापासून होता. १९६८ साली त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये खेळाडूंचे संमेलन भरवले. तेच पुढे 'जेन कॉन' या नावाने प्रसिद्धीस आले. १९७० साली विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर त्यांनी घरी पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवला.

१९७१ साली त्यांचे आणि जेफ पेरन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक निघाले. त्याला जोडलेल्या परिशिष्टात जादूगार आणि राक्षस होते. मिनेसोटातील आर्नेसन यांनी त्या आधारे 'ब्लॅकमूर' नावाचे जग उभे करून खेळाडूंना एकेका पात्राची भूमिका दिली होती. हा प्रयोग पाहिल्यावर गायगॅक्स यांनी त्याचे नियम लिहून काढले. प्रस्थापित प्रकाशकाने नकार दिल्यामुळे ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही संस्था काढली. ब्रायन ब्लूम यांनी त्यात पैसे घातल्यावर छपाई शक्य झाली. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती वर्षाच्या आत संपल्या.

इतरांची जगे

१९७४ सालीच या संस्थेने गायगॅक्स व ब्लूम यांचा 'वॉरियर्स ऑफ मार्स' हा खेळ काढला. तो एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरील कादंबऱ्यांवर बेतलेला होता, पण त्यासाठी परवाना घेतलेला नव्हता. बरोज यांच्या वारसांनी हरकत घेताच तो बाजारातून गेला. टोल्किन यांच्या कथांवरील व्यापारी हक्क असलेल्या कंपनीनेही आक्षेप घेतला आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील 'हॉबिट' हे 'हाफलिंग' झाले.

१९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकाची कथा अधिक बोलकी आहे. ते गायगॅक्स यांनी लिहिलेले नव्हते, पण त्यांच्या कंपनीचे होते. लवक्राफ्ट आणि मूरकॉक यांच्या कथाविश्वांवरील प्रकरणे पुढील छपायांतून काढून टाकण्यात आली, कारण त्या विश्वांवर खेळ काढण्याचा परवाना केऑसियम या दुसऱ्या प्रकाशकाकडे होता. इंद्र, अग्नी, काली, विष्णू आणि यम यांची प्रकरणे मात्र तशीच राहिली. त्यांचा परवाना देणारे कोणी नव्हतेच.

उलट दिशेचा व्यवहारही याच काळात सुरू झाला. १९७६ साली 'जजेस गिल्ड' या संस्थेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी पूरक साहित्य छापण्याचा परवाना मिळाला. घरातला वाद मात्र मिटला नाही. 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या पुस्तकांवर केवळ गायगॅक्स यांचेच नाव आल्याने आर्नेसन यांनी १९७९ साली रॉयल्टीसाठी दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. निर्मितीतील आर्नेसन यांचा वाटा किती, यावरचा वाद अभ्यासकांत आजही चालू आहे.

कंपनी हातातून जाणे

१९७५ साली डॉन के हृदयविकाराने वारले. त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतका पैसा गायगॅक्स यांच्याजवळ नव्हता. नव्या टी.एस.आर. कंपनीत बहुसंख्य भाग ब्लूम कुटुंबाकडे गेले. खेळाचा जनक आपल्याच कंपनीत अल्पांश भागीदार ठरला. पुढच्या सर्व घटनांचे मूळ येथे आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी गायगॅक्स हॉलिवूडमध्ये खेळाचे परवाने विकण्याच्या कामावर होते. तेथून सीबीएस वाहिनीवरील कार्टून मालिका (१९८३–८५) निघाली. इकडे टी.एस.आर.ने परवाने विकत घेऊन खेळ काढण्यास सुरुवात केली. १९८४ चा 'मार्व्हल सुपर हीरोज' चांगला चालला. त्याच वर्षीचा 'इंडियाना जोन्स' मात्र फसला. त्यात खेळाडूंना स्वतःचे पात्र रचण्याचे नियमच नव्हते, चित्रपटातील पात्रांपैकीच एक घ्यावे लागे. परवाना संपल्यावर उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. जळालेल्या एका प्रतीच्या अवशेषांपासून पुढे 'डायना जोन्स' पुरस्काराचे नाव व स्मृतिचिन्ह तयार झाले. परवान्याच्या धंद्याचे याहून नेमके स्मारक सापडणे कठीण.

कंपनी कर्जात बुडाल्याने गायगॅक्स लेक जिनिव्हाला परतले. १९८५ साली त्यांनी भागांचा हक्क वापरून बहुमत मिळवले आणि लॉरेन विल्यम्स यांना व्यवस्थापक नेमले. ब्लूम बंधूंनी आपले भाग विल्यम्स यांना विकले आणि ऑक्टोबरमध्ये गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. न्यायालयात दावा हरल्यावर १९८६ अखेरीस त्यांनी कंपनी सोडली. विल्यम्स यांच्या कुटुंबाकडे 'बक रॉजर्स' या पात्राचे हक्क होते, टी.एस.आर.ने १९९० साली त्यावरही खेळ काढला.

उत्तरायुष्य

गायगॅक्स यांनी घडवलेले 'ग्रेहॉक' हे जग कंपनीकडे राहिले. 'गॉर्ड' या पात्राचे हक्क तेवढे त्यांच्याकडे होते. त्या मालिकेच्या १९८८ मधील अखेरच्या कादंबरीत त्यांनी ते जगच नष्ट करून टाकले. १९९२ साली त्यांचा 'डेंजरस डायमेन्शन्स' हा नवा खेळ येणार होता. आद्याक्षरे सारखी असल्याची टी.एस.आर.ची हरकत आल्याने त्याचे नाव 'डेंजरस जर्नीज' झाले. तरीही कंपनीने दावा लावला. १९९४ च्या तडजोडीत तिने या खेळाचे सर्व हक्क घेतले आणि तो कायमचा बासनात ठेवला.

१९९७ साली 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने टी.एस.आर. विकत घेतली. २००० साली या कंपनीने मुक्त परवाना जाहीर करून मूळ नियमांवर कोणालाही स्वतंत्रपणे साहित्य काढू दिले. जगांची नावे मात्र राखून ठेवली. १९७० च्या दशकात घरी खेळवलेला आपला किल्ला गायगॅक्स यांना छापायचा होता. 'ग्रेहॉक' हे नाव वापरता येत नसल्याने ट्रोल लॉर्ड गेम्सकडून तो 'कॅसल झॅगिग' या नावाने निघू लागला. 'झॅगिग' म्हणजे त्यांचेच आडनाव उलटे फिरवलेले. पहिला भाग २००५ साली आला. २००४ मधील पक्षाघातानंतर त्यांचे लेखन मंदावले होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, २००८ साली, त्यांच्या पत्नी गेल यांनी हा परवाना परत घेतला आणि किल्ल्याची मालिका अपुरी राहिली.