कै. रमाबाई रानडे : दुःखातून सेवेकडे

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या कार्यवाहबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही कै. रमाबाई रानडे यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. रमाबाई म्हटले की आपल्याला अकरा वर्षांची नवरी आणि तिला शिकवणारे न्यायमूर्ती आठवतात. २०१२ साली टीव्हीवर त्यांची मालिका लागली, तेव्हा हीच गोष्ट घरोघरी झाली. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. त्यांनी स्वतः पत्नीला अक्षरे शिकवायला घेतली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि पाटीही सोडली नाही. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या. १८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आले.

मग रानड्यांना हृदयाचे दुखणे लागले. छातीत कळ आली की रात्र रात्र झोप नसे. रमाबाई उशाशी बसत, तळपायांना तूप चोळत. दिवसा घर, पै-पाहुणा, औषधांच्या वेळा, रात्री जागरण. घरात आजारी माणूस असले की हे कोणत्या बाईला चुकले आहे? १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोनच दिवस उरले होते. रमाबाई अडतीस वर्षांच्या. पोटी मूलबाळ नाही.

त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि जवळजवळ वर्षभर कोणात मिसळल्या नाहीत. एवढ्या विद्वान बाईचीही ही स्थिती झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. दुःखाला वेळ द्यावाच लागतो. हळूहळू त्या बाहेर पडू लागल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या. इस्पितळातल्या रोग्यांकडे फळे, फुले, पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९१० साली त्यांनी पतीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले.

मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढल्या वर्षी पुण्याचे सेवासदन त्यांच्या स्वतःच्या वाड्यात सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ होती. तेथे लिहिणे-वाचणे, शिवणकाम तर होतेच, पण खरे धाडसाचे काम परिचारिकांचे. चांगल्या घरच्या बाईने, त्यातून विधवेने, परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, हे कोणाला सहन होणार! लोकांनी नावे ठेवली. रमाबाईंनी मुलींना ससून रुग्णालयात शिकायला पाठवले, त्यांच्यासाठी वसतिगृह काढले. जी सेवा बाई घरात मुकाट्याने करीत आली, तीच शिकून केली तर रोग्याचे हाल कमी होतात आणि बाईला मानाची भाकरी मिळते, हे त्यांनी करून दाखवले.

याचे मोल मला माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात कळले. ते चार महिने अंथरुणावर होते. एक परिचारिका दिवसाआड येत असे. दोन दोन तासांनी कूस कशी बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीला सुरकुती कशी राहू देऊ नये, पाणी गिळवेना तेव्हा ओल्या फडक्याने ओठ कसे टिपावेत, हे तिने मला शिकवले. ते गेल्यावर तेरावे झाले, पाहुणे पांगले, घर एकदम सुने झाले. तेव्हा ती पुन्हा आली. औषध नाही, सुई नाही. सासूबाईंजवळ नुसती तासभर बसली. तेरा दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या सासूबाई त्या दिवशी तिच्याजवळ मोकळेपणी रडल्या.

रमाबाई १९२४ साली वारल्या. तोवर पुण्याच्या सेवासदनात हजारावर स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पण भगिनींनो, तिकिटापेक्षा त्यांच्या कामाचा एक धागा आपण धरावा असे मला वाटते. आपल्या आळीत कोणाकडे मरणाचे दुखणे असले, तर दोघींनी पाळीने तास-दोन तास बसावे, म्हणजे घरच्या बाईला डोळा लावता येईल. आणि माणूस गेल्यावर तेरा दिवस सगळेच येतात. आपण चौदाव्या दिवसापासून जावे. एवढे या वर्षी मंडळाने ठरवले, तर पहिली पाळी मी घेईन.